गंडा आणि पॅरिसची बाई

“आधी शपथ,” बुवा म्हणाले. “मग गंडा.”

पुढे केलेला माझा उजवा हात तसाच हवेत राहिला.

समोर चौरंगावर तबक मांडलेलं. त्यात लाल-पिवळा धागा, नारळ, विड्याची पानं आणि एका वाटीत गूळ-चणे. गुरूने तो धागा शिष्याच्या मनगटाला बांधायचा, आपल्या हाताने त्याच्या तोंडात गूळ-चणे घालायचे, की झालं गंडाबंधन. त्या दिवसापासून तुम्ही त्या गुरूचे. ‘कोणाची गं तू?’ असं कुणी विचारलं तर सांगायला एक नाव मिळायचं. ते नाव नसेल तर मिरजेत सतरंज्या अंथरायला बोलावतील, साथीला नाही बोलावणार. त्यातून मी पडले मुलगी. पेटीवर मुलगी बसते हेच तेव्हा कित्येकांना बघवत नव्हतं. परकरात होते तेव्हापासून मी रंगनाथबुवा उगारकरांच्या घरी पेटी शिकत होते, आणि त्या दिवसाची वाट बघत होते. गंडा बांधून झाला की पुढच्याच महिन्यात पुण्याच्या संमेलनात बुवा गाणार आणि पेटीवर मी बसणार, असं ठरलेलं होतं.

“कसली शपथ, बुवा?” मी विचारलं.

“सरस्वतीच्या तसबिरीवर हात ठेव आणि सांग. ते जे काय फिरंगी गाणं तू वाजवत असतेस, ते आजपासून बंद. पेटीवर नाही, घरी नाही, कानानंसुद्धा ऐकायचं नाही.”

बैठकीची खोली माणसांनी गच्च भरलेली. गावातले चार जाणते बुवा, तबलजी, वकील, डॉक्टर. माझे आप्पा दाराजवळ, इस्त्रीचा सदरा घालून, ओशाळल्यासारखे बसलेले. माझ्या शेजारी श्रीपाद अथणीकर, माझ्यासारखाच बुवांकडे पेटी शिकणारा. त्याचाही गंडा त्याच दिवशी होता. त्याने मान खाली घातली होती आणि पायाच्या अंगठ्याकडे इतकं निरखून बघत होता की मला लगेच कळलं, ही काडी कुणी लावली ते.

आता तुम्ही म्हणाल, मिरजेत पॅरिस कुठून आलं? सांगते.

आमचं मार्केटजवळ ‘कुंभोजकर रेडिओ’ नावाचं दुकान. आप्पा रेडिओ दुरुस्त करायचे. आम्ही जैन, त्यामुळे दिवस मावळायच्या आत आमच्याकडे जेवणं उरकलेली असायची. बाकीची मिरज कणीक भिजवायला घेई तेव्हा आमची भांडी घासून पालथी पडलेली. मग एवढी मोठी संध्याकाळ माणसानं करायची काय? आप्पा पुन्हा दुकान उघडून बसायचे आणि मी त्यांच्याजवळ स्टुलावर. दुरुस्त झालेला सेट चालवून बघावा लागतो. बाकीचे दुकानदार सांगली केंद्र लावून बघायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. आप्पांना ते पटायचं नाही. “जवळचं काय, डबडंसुद्धा ऐकवेल. लांबचं ऐकवलं तर सेट खरा,” असं म्हणत ते काटा शॉर्टवेव्हच्या पार टोकाला नेत. गच्चीवरून शेजारच्या शेवग्यापर्यंत त्यांनी तांब्याची तार ताणली होती. शेजारीण शेंगा काढताना रोज त्या तारेला शिव्या घालायची.

अशाच एका संध्याकाळी खरखरीच्या मागून एक बाई गायला लागली.

आधी मला वाटलं, भांडतेय. मग वाटलं, छे, भांडून झालंय, आणि हीच जिंकलीय. तिचा ‘र’ घशात घोळायचा. शब्द एक कळत नव्हता. पण बाई खोटं बोलत नाही एवढं कळत होतं. मागे पेटीसारखं काहीतरी वाजत होतं, पण आपली पेटी अशी कधी वागत नाही.

“अकॉर्डियन,” आप्पा म्हणाले. “गळ्यात अडकवून उभ्यानं वाजवतात. आपली पेटी बसते, ती नाचते.”

“कुठलं हे, आप्पा?”

“पॅरिस.” त्यांनी असं सांगितलं की जणू पलीकडचं मालगाव.

कार्यक्रमाच्या शेवटी ते रोज तेच गाणं लावायचे. मला तर पर्वणीच! रोज एक ओळ कानात धरायची आणि घरी येऊन बोटांत उतरवायची. ठेका आपल्या दादऱ्यासारखा, पण दादरा नव्हे. पहिल्या मात्रेवर ती बाई कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि पुढच्या दोन मात्रांवर तुमच्याकडे बघून हसायची. ते हसणं पेटीवर आणायला मला अख्खा पावसाळा लागला. आलं त्या दिवशी मी एकटीच खोलीत टाळ्या पिटल्या.

वेडच लागलं म्हणा ना. सांगलीला फिल्म क्लबात फ्रेंच पिक्चर लागलाय असं कळल्यावर मी आप्पांच्या मागे भुणभुण लावली. आम्ही गेलो. बघते तर काय, ही गर्दी! सगळे पुरुष. फ्रेंच म्हटल्यावर काय बघायला आले होते ते सांगायला नकोच. पडद्यावर मात्र एक बाई सकाळी उठली, कॉफी प्याली, हातभर लांब पाव काखेला मारून नदीकाठानं चालत राहिली. शेजारचा गृहस्थ आप्पांना म्हणाला, “पिक्चर सुरू कधी होणार हो?” आप्पा म्हणाले, “सुरू आहे की! तुमच्या समोरनंच चाललाय.” मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बरं झालं, समोरची डोकी गेली.

मला पापणी मिटायची भीती वाटत होती. कपाच्या कडेवर पडलेलं ऊनसुद्धा ते लोक किती वेळ दाखवत होते! ती बाई खिडकीत उभी राहून गुणगुणते. समोरच्या रस्त्यावर एक पुरुष थांबतो आणि वर बघतो. आता ही खिडकी लावणार, असं मला वाटलं. तिनं लावली नाही. तिनंही त्याच्याकडे बघितलं आणि गुणगुणणं चालू ठेवलं. शेवटी त्यालाच लाज वाटली, तो गेला. आमच्या गल्लीत मी रियाजाला बसले की आई आधी खिडकी लावून घ्यायची. घरी आल्यावर आप्पांनी आईला सांगितलं, “आजपासून पद्माची खिडकी उघडी राहू दे.”

आता काकूंचं सांगते. काकू म्हणजे बुवांची बायको. त्यांचं नाव काय हे मला कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं. सगळे काकूच म्हणायचे. दुपारचा चहा झाला की बुवा कृष्णेच्या घाटाकडे फिरायला जायचे आणि मी माजघरात रियाज करायची. काकू समोर मेथी निवडत, गहू पाखडत बसायच्या. गाण्यातलं अवाक्षर बोलायच्या नाहीत. एकदा यमन वाजवता वाजवता माझी बोटं घसरली आणि पॅरिसच्या बाईकडे गेली. मी दचकून थांबले.

“काय गं ते?” काकू म्हणाल्या.

“काही नाही, काकू. चुकून.”

“चुकून कसलं? अख्खं वाजव बघू.”

वाजवलं. काकूंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. संपल्यावर म्हणाल्या, “बया गं! ही कोण चवताळलेली?”

मग तो आमचा नेमच झाला. बुवांच्या चपला वाजत गल्लीच्या टोकाला गेल्या की काकू भुवई उडवायच्या. मी त्यांना शब्दही शिकवले, म्हणजे माझ्या कानाला जसे ऐकू आले तसे. पण काकू गायच्या नाहीत. ओठ हलायचे, आवाज नाही. पिक्चरची गोष्ट तर त्यांनी माझ्याकडून कितीदा वदवून घेतली.

“मग खिडकी लावली नाही म्हणतेस?”

“नाही लावली.”

“आणि नवरा काय म्हणाला?”

“नवरा नव्हताच, काकू.”

“नव्हताच?” काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. “आणि जेवायला काय केलं तिनं?”

“पाव. हातभर लांब. काखेतला.”

“शी! काखेतला?” आणि पदर तोंडाला लावून जे हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी काढलं.

एकदा मी विचारलं, “काकू, तुम्ही आवाज का काढत नाही हो?”

त्यांनी सुपातून डोकं वर केलं नाही. “मी माहेरी गात होते. बेळगावला. चांगली गात होते, असं लोक म्हणायचे. लग्नात मामंजी म्हणाले, एका घरात दोन गाणी नकोत. देवघरात उभं करून शपथ घेतली त्यांनी माझ्याकडून. तेव्हापासून नाही. न्हाणीघरात नाही, अंगाईसुद्धा नाही. मुलांना नुसतं थोपटलं.”

“आणि बुवा?”

“हे शेजारीच उभे होते,” काकू म्हणाल्या आणि गहू पाखडायला लागल्या.

मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. आईला वाटलं, पोट बिघडलं.

बुवा वाईट होते असं समजू नका. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. एक पैसा न घेता त्यांनी मला घडवलं होतं. भाता ओढताना हात दुखायचा तर स्वतः तेल लावून द्यायचे. गेल्या गुरुपौर्णिमेला मी पहाडीची धून वाजवताना त्यात पॅरिसच्या बाईची एक जागा गुपचूप घातली होती, तर बुवांनी भर बैठकीत “क्या बात है, पोरी!” म्हणून हात उचलला होता. मी आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या काकू, दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. श्रीपादनं मात्र काकूंचा चेहरा बघितला. त्यानंतर तो आमच्या मागावर राहिला असणार. कधीतरी दुपारी परसदारी येऊन उभा राहिला आणि सगळं ऐकून गेला.

आणि आता हा चौरंग, हे तबक, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर.

“घे की शपथ,” श्रीपाद ओठ न हलवता कुजबुजला. “घ्यायची आणि घरी वाजवायचं. कोण बघतंय?”

“तुझ्यासारखी परसात उभी राहणारी माणसं बघतात,” मी म्हणाले. मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. दोघं-तिघं हसले.

बुवा हसले नाहीत. “पद्मा, चेष्टेची वेळ नाही. उशीर होतोय.”

“बुवा, त्या गाण्यानं तुमचं काय बिघडवलं?”

गंड्याच्या दिवशी शिष्य प्रश्न विचारत नाही. तशी पद्धतच नाही.

आप्पांनी दाराजवळून घसा खाकरला. “बुवा, लहान तोंडी मोठा घास होतोय, पण ही पेटीसुद्धा मूळची पॅरिसचीच हो. तिकडच्याच माणसानं केली.”

“ठाऊक आहे, कुंभोजकर,” बुवा शांतपणे म्हणाले. “आली तेव्हा तिला आम्ही सोवळं नेसवलं, आपलं गाणं शिकवलं, मग देवघराशेजारी जागा दिली. तिला पुन्हा बाजारात उभं करायचं नाही मला.”

कुणीतरी “वा!” म्हणालं. वाक्य चांगलं होतं, मलाही कबूल करावं लागेल. पण बाजारात म्हणाले ना, तेव्हा माझं डोकं सटकलं.

“ती बाई बाजारातली नाही, बुवा. ती तिच्या खिडकीत उभी आहे.”

“तुला शब्द तरी कळतात का त्यातले? एक तरी? अर्थ सांग बघू.”

“तराण्यातल्या ‘दिर दिर तोम’चा अर्थ कुठं विचारता तुम्ही?”

जाणत्या बुवांपैकी एकांनी घाईघाईनं खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला. रंगनाथबुवांचे कान लाल झाले. गंडा हातातून निसटतोय हे मला दिसत होतं. पुण्याचं संमेलन, बुवांच्या डाव्या बाजूची ती जागा, पांढरी गादी, सगळं दिसत होतं. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की त्या क्षणी कुणी जेवण सोड म्हणालं असतं तर सोडलं असतं. नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं. एक शब्द. तेवढा शब्द बेळगावच्या एका मुलीनंही कधीतरी म्हटला होता.

मी आप्पांकडे बघितलं.

“पोरी,” आप्पा म्हणाले, “घेतलीस तर पाळायची. पाळणार नसशील तर घेऊ नको. दोन्हीला माझी ना नाही.”

मी पुढे केलेला हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. “मी नाही घेत शपथ, बुवा.”

“नीट विचार कर.”

“केला. तुम्ही जे शिकवलंत ते जन्मभर वाजवीन. तुमचं नाव घेऊन वाजवीन. पण ते गाणंही वाजवीन. एकासाठी दुसरं मारायचं असेल तर नको मला.”

“ही माझ्या घरात बसून रोज ते वाजवायची!” बुवा मंडळींकडे वळून म्हणाले. त्यांचा आवाज आता चढला होता. “माझी पाठ वळली की. श्रीपाद सांगतो, ऐकायलाही कुणीतरी असायचं. कोण असायचं गं?”

नाव घेतलं असतं तर अर्धा राग तिकडे वळला असता. मी दात आवळले.

“कोण असायचं?”

“नाही सांगणार.”

“माझ्या घरातली गोष्ट मलाच नाही सांगणार?”

“मी असायची.”

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. काकू कॉफीच्या कपांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो ट्रे खाली ठेवला, हळूच, एकही कप वाजू न देता. पदराला हात पुसले.

“मीच सांगायची तिला वाजव म्हणून. ती बिचारी नको नको म्हणायची.”

हे साफ खोटं होतं. मी एकदाही नको म्हटलं नव्हतं.

“तू आत जा,” बुवा म्हणाले.

“जाते. एवढं झालं की जाते.”

आणि काकू बैठकीत आल्या. त्या खोलीत बायका केर काढायला यायच्या, कॉफी ठेवायला यायच्या. बसायला कधी कुणी आलेलं मी बघितलं नव्हतं. काकू सरळ चालत आल्या आणि चौरंगाच्या पलीकडे, माझ्या समोर, मांडी घालून बसल्या. तबकातली गूळ-चण्यांची वाटी उचलली.

“धागा तुमचा आहे, तो तुम्ही ठेवा,” त्या बुवांना म्हणाल्या. “चणे मी निवडलेत, गूळ मी चिरलाय. ते मी देणार. आ कर गं.”

मी तोंड उघडलं. काकूंनी चिमूटभर गूळ-चणे माझ्या तोंडात घातले. मला चावता येईना, गिळता येईना, रडू फुटायच्या बेतात.

“रडतेस काय, मेली? पेटी ओढ पुढे. वाजव.”

“काय वाजवू?”

“काय वाजवू म्हणे! आपलं वाजव.”

मी पेटी ओढली, भाता सोडला आणि सुरुवातीचे सूर धरले. पहिल्या मात्रेवर ती बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काकूंनी श्वास घेतला. तेव्हा बुवांना कळलं काय होणार आहे ते.

“अगं, देवासमोर शपथ घेतली होतीस!” त्यांचा आवाज अगदी वेगळाच आला. “विसरलीस?”

“विसरले नाही,” काकू म्हणाल्या. “मोडतेय.”

आणि गायल्या.

खोटं कशाला सांगू, पहिली ओळ गेली वाया. वर्षानुवर्षं बंद असलेल्या घराचं दार उघडताना जसं करकरतं तसा आवाज निघाला, आणि सूर तर कुठच्या कुठे. श्रीपाद फिस्सकन हसला. मी बघितलं, काकूंना माझी पट्टी चढतेय. मी चालू गाण्यातच दोन पट्ट्या खाली उतरले. बुवांनीच शिकवलं होतं, गाणाऱ्याला सूर सापडत नसेल तर साथीदारानं त्याच्यापाशी जायचं. काकूंनी तिथे सूर पकडला. दुसऱ्या ओळीला त्यांची मान ताठ झाली. तिसऱ्या ओळीला त्यांनी तो घशातला ‘र’ असा काही फिरवला की मला पेटीवरचे हात सावरावे लागले. बेळगावकडची बाई, नऊवारीतली, न कळणाऱ्या भाषेत, भर बैठकीत! आवाज खरखरीत होता, खालचा होता, थकलेला होता. पण खोटं बोलत नव्हता. पॅरिसच्या बाईसारखाच.

श्रीपादचं हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही.

दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला बुवा उठले. मला वाटलं, आता पेटीचा भाता धरतील, नाहीतर काकूंचा हात धरतील. त्यांनी काहीच केलं नाही. जरा वेळ उभे राहिले, बायकोकडे बघत. मग वळून आत गेले. त्या घरात आत जायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा बुवांवर आली.

काकूंनी ते पाहिलं. थांबल्या नाहीत. शेवटच्या कडव्यात आवाज फाटला, तरी थांबल्या नाहीत. गाणं त्यांनी शेवटपर्यंत नेलं आणि मगच पदरानं तोंड पुसलं. टाळी कुणी वाजवली नाही. एक डॉक्टर वाजवायला निघाले होते, पण बाकीच्यांकडे बघून त्यांनी हात जुळवल्यासारखं केलं.

“आता कॉफी घ्या,” काकू मंडळींना म्हणाल्या. “गार झाली असेल.”

आप्पांनी माझी पेटी उचलली. आम्ही बाहेर पडलो. कोपऱ्यावर आल्यावर ते म्हणाले, “पद्मा, साथ छान केलीस.” माझ्या आयुष्यातली ती पहिली साथ. लोक पुण्याच्या संमेलनात पहिली साथ करतात, मी अशी केली.

गंडा मिळाला नाही तो नाहीच. पुण्याला श्रीपाद गेला. मिरजेत पुढे बरीच वर्षं माझ्या पाठीमागे ‘ती पॅरिसवाली’ म्हणून बोलायचे, आणि ‘कोणाची गं तू?’ विचारलं की मी हसून रंगनाथबुवांचं नाव सांगायची. खरं तेच सांगायची. कीर्तनाला वाजवलं, शाळेत वाजवलं, नाटकाच्या तालमींना वाजवलं, आणि शेवटी लोकांनी साथीलाही बोलावलं, कारण वाजवत होते मी बरं. चाळिशी उलटल्यावर पुण्याला जाऊन फ्रेंच शिकले. गाण्याचा अर्थ कळला. तो मात्र मी कुणाला सांगत नाही. ज्याला हवा त्यानं शिकावं.

पण मला सांगायचीय ती दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ.

आमची जेवणं झाली होती. आप्पांनी दुकान उघडलं होतं आणि मी स्टुलावर तोंड पाडून बसले होते. मार्केट भरात होतं. भाजीवाल्यांच्या ओरडण्यात एकदम जरा खंड पडल्यासारखा वाटला म्हणून मी वर बघितलं. भर बाजारातून, सगळ्यांच्या देखत, काकू चालत येत होत्या. एकट्या. हातात पिशवी नाही, भाजीचं निमित्त नाही. डोक्यावरचा पदर खांद्यावर. उगारकरांच्या घरची बाई अशी मोकळ्या हातांनी बाजारातून जाताना कुणी कधी बघितली नव्हती.

त्या दुकानाची पायरी चढल्या. आप्पा धडपडत उठले. मी स्टूल पुसून पुढे केलं.

“काकू, तुम्ही इथं? बुवा काही बोलले नाहीत?”

“बोलले की. सकाळपासनं बोलतायत.” काकू स्टुलावर नीट बसल्या, निऱ्या सारख्या केल्या आणि समोरच्या हिरव्या दिव्याच्या रेडिओकडे तोंड केलं.

“ऐकलं त्यांचं. जन्मभर ऐकलं. आता तू रेडिओ लाव.”